सहाव्या फौजेचा शिधा

स्टालिनग्राडची हकीकत बहुधा शेवटाकडून सांगितली जाते. बर्फ, कोंडी, उपासमार आणि तळघरातून बाहेर येणारा दाढी वाढलेला फील्डमार्शल. ऐकणाऱ्याचे मन कळवळते, आणि कळवळलेले मन मागचे विचारीत नाही. ही माणसे व्होल्गेच्या काठी आली कशी, वाटेत त्यांनी काय केले, त्यांच्या पोटाचा हिशेब कोण ठेवीत होते आणि तो हिशेब बसत नाही हे कोणाकोणाला ठाऊक होते, हे प्रश्न बाजूला राहतात. कारखान्यात तंटा उभा राहिला की मालकाचे भाषण ऐकण्याआधी आम्ही हजेरीपट आणि पगारपत्रक मागतो. जर्मनीच्या सहाव्या फौजेलाही तोच न्याय लावून पाहावा असा आमचा विचार आहे. रणनीती हा आमचा प्रांत नव्हे. शिधा मात्र आहे.

प्रथम फौज म्हणजे काय ते पाहू. एका डिव्हिजनमध्ये पंधरा-सतरा हजार माणसे, दोन-तीन किंवा अधिक डिव्हिजनांची एक कोअर, आणि अशा काही कोअर मिळून जी होते ती फौज, म्हणजेच लष्करी भाषेतली आर्मी. पोलंडची मोहीम संपल्यावर ऑक्टोबर १९३९ मध्ये दहाव्या फौजेचा क्रमांक बदलून ही सहावी फौज उभी राहिली. तिचा पहिला सेनापती वाल्टर फॉन राइखेनाउ. पुढच्या वर्षी मे महिन्यात ती बेल्जियममधून गेली आणि अठरा दिवसांत बेल्जियमने शरणागती दिली. त्या वेळी राइखेनाउच्या हाताखाली कागदपत्रे सांभाळणारा मुख्य अधिकारी होता फ्रीडरिश पाउलुस. हे नाव पुढे पुन्हा यायचे आहे.

आणि शिपाई? हजेरीपटावरची माणसे कोण होती? ९४ वी डिव्हिजन सॅक्सनीची, ७६ वी बर्लिन-ब्रांडेनबुर्गकडची, ४४ वी ऑस्ट्रियाची, १६ वी रणगाडा डिव्हिजन वेस्टफालियाची. ही नावे वाचताना आमच्यासारख्याला थबकावे लागते. सॅक्सनी म्हणजे कापडगिरण्या आणि यंत्रे, बर्लिन म्हणजे विजेच्या सामानाचे कारखाने, वेस्टफालिया म्हणजे कोळसा आणि पोलाद. कामगार चळवळीचा इतिहास लिहिताना ज्या मुलुखांची नावे मानाने घेतली जातात तेच हे मुलूख. १९३३ साली हिटलरने १ मे हा सणाचा दिवस ठरवून कामगारांच्या मिरवणुका काढवल्या, आणि दुसऱ्याच दिवशी, २ मे रोजी, देशभरच्या युनियन कचेऱ्यांवर टोळ्या घालून कागद, पैसा, इमारती सारे ताब्यात घेतले. पुढारी तुरुंगात गेले. संप गुन्हा ठरला. म्हणजे १९४१ मध्ये जो पंचवीस वर्षांचा शिपाई रशियात शिरला, त्याने आपल्या कामकरी आयुष्यात ‘हे आम्हाला मान्य नाही’ असे चार माणसांनी मिळून म्हटलेले कधी पाहिलेच नव्हते. त्याचा दोष याने धुऊन निघतो असे आम्ही म्हणत नाही. पण ‘जर्मन माणूस जात्याच आज्ञाधारक’ हा जो सिद्धांत पांडित्याने मांडला जातो, त्यापेक्षा हा २ मे आम्हाला अधिक बोलका वाटतो.

२२ जून १९४१ ला रशियावर हल्ला झाला तेव्हा सहावी फौज दक्षिणेकडच्या आघाडीत होती. चित्रपटांतून आपण रणगाडे पाहतो, परंतु ही फौज मुख्यतः पायी आणि घोड्यांवर चालली होती. एका पायदळ डिव्हिजनमागे पाच हजारांच्या आसपास घोडे. तोफा ओढणारे, शिध्याचे गाडे ओढणारे, स्वयंपाकाची चूल ओढणारे. मागून माल आणायचा तर रशियन रूळ पाच फूट रुंदीचे, जर्मन डबे त्याहून अरुंद. आपल्याकडे ब्रॉडगेजचा माल मीटरगेजमध्ये भरताना होणारा खोळंबा ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे निराळे समजावून सांगायला नको. मग युक्ती काय? ज्या मुलुखातून जायचे त्याच्यावरच जगायचे. हे अडचणीपोटी सुचलेले नव्हते. पूर्वेकडच्या फौजांनी तिथल्याच धान्यावर पोसले जावे आणि त्यापायी तिथले लोक उपाशी मेले तरी मरू द्यावेत, हे बर्लिनमध्ये आधीच ठरले होते. शिध्याच्या वहीचे हे पहिले पान.

दुसरे पान बेलाया त्सेर्कोव्ह या गावचे. कीव्हच्या दक्षिणेला हे गाव आहे. ऑगस्ट १९४१ मध्ये फौजेपाठोपाठ आलेल्या एस. एस.च्या पथकाने तिथल्या ज्यू स्त्री-पुरुषांना गोळ्या घातल्या. त्यांची मुले, सुमारे नव्वद, तान्ह्यापासून सहा-सात वर्षांपर्यंतची, एका घरात कोंडून ठेवली होती. अन्न नाही, पाणी नाही. रात्रभर त्यांचे रडणे ऐकू येई. जवळ उतरलेल्या शिपायांना ते असह्य झाले म्हणून ते पाद्र्यांकडे गेले आणि लष्करी पाद्री २९५ व्या डिव्हिजनच्या कचेरीत हेल्मुट ग्रोसकुर्ट या लेफ्टनंट कर्नलकडे गेले. ग्रोसकुर्ट स्वतः त्या घरी गेला. त्याने मुलांना नेणे थांबवले आणि वर विचारणा केली. वरच्यांनी आणखी वर विचारले. शेवटी प्रश्न सहाव्या फौजेच्या सेनापतीपुढे, राइखेनाउपुढे गेला. उत्तर आले की सुरू केलेले काम पुरे करावे. २२ ऑगस्टला त्या मुलांना मारण्यात आले. ग्रोसकुर्टने लेखी अहवाल पाठवला होता, त्यात हे कृत्य शत्रूच्या ज्या क्रौर्याबद्दल आपण सतत बोलतो त्याहून निराळे नाही असे नमूद केले होते. राइखेनाउने त्याबद्दल त्याचीच कानउघाडणी केली.

हा प्रसंग आम्ही विस्ताराने सांगितला याचे कारण आहे. हुकमाच्या साखळीत मध्येच एक माणूस थांबला आणि दोन दिवस ती साखळी खरोखर अडली. म्हणजे ती अडू शकत होती. ‘कोणाला काही करताच येत नव्हते’ हे वाक्य युद्धानंतर पुष्कळांनी उच्चारले, त्याला ही सहाव्या फौजेच्याच दप्तरातली साक्ष आहे. आणि दुसरीही गोष्ट तितकीच खरी: ग्रोसकुर्ट एकटा होता. अडलेली साखळी ओढायला वर सेनापती होता, पण अडवणाऱ्याच्या मागे उभे राहायला कोणी नव्हते.

महिन्याभराने, १९ सप्टेंबरला कीव्ह पडले. २९ आणि ३० सप्टेंबर या दोन दिवसांत शहराबाहेरच्या बाबी यार घळीत ३३,७७१ ज्यूंना गोळ्या घालण्यात आल्या. हा आकडा मारणाऱ्यांनी स्वतः लिहून ठेवलेला आहे. गोळ्या एस. एस. आणि पोलीस यांच्या, पण लोकांनी अमुक ठिकाणी जमावे अशी भित्तिपत्रके छापली ती सहाव्या फौजेच्या छापखान्याने. १० ऑक्टोबर १९४१ ला राइखेनाउने आपल्या सैन्याला एक लेखी हुकूम काढला. ज्यूंच्या कत्तलीची गरज शिपायाने समजून घेतली पाहिजे, असा त्याचा एक भाग. दुसऱ्या भागाचा आशय असा, की जे आपल्या कामाचे नाहीत अशा रहिवाशांना आणि कैद्यांना फौजेच्या चुलीवरून अन्न देणे ही चुकीच्या जागी दाखवलेली माणुसकी होय. हिटलरला हा हुकूम इतका आवडला की तो नमुना म्हणून इतर फौजांकडे गेला. आता ध्यानात येईल की अशी तंबी देण्याची गरज पडली, त्या अर्थी शिपाई तोवर भुकेल्यांना पाव देत असले पाहिजेत.

जानेवारी १९४२ मध्ये राइखेनाउ पक्षाघाताने गेला. त्याच्या आधीच त्याला बढती मिळून फौज पाउलुसकडे आली होती. पाउलुस नीटनेटका, मेहनती, कागदावर हुशार. रशियावरील स्वारीच्या योजनेवर त्याने बर्लिनमध्ये बसून काम केले होते. डिव्हिजन किंवा कोअर मात्र त्याने कधी हाताळली नव्हती, एकदम फौजच मिळाली. मे महिन्यात खार्कोव्हला रशियनांचा मोठा हल्ला उलटवून त्याने नाव मिळवले. जूनअखेर नवी मोहीम निघाली, उन्हाळाभर ती धुळीतून डॉन नदीकडे चालत राहिली, आणि २३ ऑगस्टला १६ वी रणगाडा डिव्हिजन शहराच्या उत्तरेला व्होल्गेच्या काठावर पोचली. त्याच दिवशी विमानांनी शहर भाजून काढले. हजारो नागरिक मेले. स्टालिनने लोकांना वेळीच हलवू दिले नव्हते, हेही येथे सांगितले पाहिजे.

या शहराची लढाई म्हणजे वस्तुतः तीन कारखान्यांची लढाई. ट्रॅक्टर कारखाना, बारिकादी हा तोफांचा कारखाना आणि लाल ऑक्टोबर हा पोलादाचा. नदीच्या काठाकाठाने तिन्ही एका ओळीत. ट्रॅक्टर कारखान्यात तेव्हा रणगाडे बनत. २३ ऑगस्टला जर्मन दाराशी आले तेव्हा कामगारांच्या तुकड्या तयार झाल्या आणि बाहेर पडलेला रणगाडा कारखान्यातूनच आघाडीवर जाऊ लागला. पुढे १४ ऑक्टोबरला त्या कारखान्यावर मोठा हल्ला झाला आणि जर्मन आत शिरले. मग खात्याखात्यातून, भट्टीच्या आडून, लेथच्या मागून लढाई. आमच्या डोळ्यांपुढे सारखे एकच चित्र येते. सॅक्सनीचा फिटर या बाजूने सरपटतो आहे आणि स्टालिनग्राडचा फिटर त्या बाजूने, आणि मधले यंत्र काय काम करते हे दोघांनाही ठाऊक आहे. शहर जवळजवळ सारे जर्मनांच्या हाती आले, काठाची चिंधी तेवढी चुइकोव्हच्या बासष्टाव्या फौजेने सोडली नाही. ८ नोव्हेंबरला हिटलरने म्युनिकमध्ये भाषण करून शहर आपलेच झाल्याचे सांगून टाकले. पुढाऱ्याने सभेत एकदा विजय जाहीर केला की खालच्या माणसाला माघार घेणे किती अवघड होते, हे सार्वजनिक कामातल्या कोणालाही कळेल.

आता चूल. हिवाळा तोंडावर, वैरण नाही, म्हणून फौजेने आपले बहुतेक घोडे आधीच मागे, पश्चिमेला पाठवून दिले होते. १९ नोव्हेंबरला रशियनांनी वायव्येकडून आणि २० ला दक्षिणेकडून हल्ला चढवला. बगलांवर रुमानियन फौजा होत्या, त्यांच्याजवळ रणगाडे थोपवायला पुरेशी साधने नव्हती. २३ नोव्हेंबरला दोन्ही रशियन बाहू एकमेकांना मिळाले. आत अडीच ते तीन लाख माणसे राहिली: जर्मन, रुमानियन, क्रोएशियन, आणि जर्मनांची हमाली-चाकरी करणारे हजारो रशियन. घोडे कोंडीच्या बाहेर, तोफा आत. निघायचे म्हटले तरी जड सामान ओढणार कोण?

पाउलुसने २३ तारखेला बाहेर पडण्याची परवानगी मागितली. त्याच्या सर्व कोअर-सेनापतींचे तेच मत होते. २४ ला हिटलरचा नकार आला. विमानांनी पुरवठा करू. आता हा हिशेब आपण शांतपणे मांडून पाहू. फौजेने प्रथम मागितले रोजचे ७५० टन, मग ५०० वर आली. कसेबसे जगायला ३०० टन हवे होते. मालवाहू युंकर्स विमानात सुमारे दोन टन माल मावतो. म्हणजे ५०० टनांना अडीचशे फेऱ्या, रोज, हिवाळ्यात, धुक्यात, शत्रूच्या तोफांवरून. विमाने तितकी नव्हती, जी होती त्यांतली पुष्कळशी दुरुस्तीला. त्याच वर्षी देम्यान्स्कच्या कोंडीत लाखभर माणसे विमानांनी जगवली होती, तो दाखला पुढे केला गेला. पण तिथे माणसे तिसऱ्या हिश्शाने, आणि शत्रूचे विमानबळ तेव्हा दुबळे. विमानदळाच्या आघाडीवरील अधिकाऱ्यांनी हे होणार नाही असे स्पष्ट कळवले. गोरिंगने होईल म्हणून सांगितले. लष्करप्रमुख त्साइट्सलरने हिटलरसमोर ते खोटे असल्याचे म्हटले. निर्णय गोरिंगच्या शब्दावर झाला.

प्रत्यक्षात सरासरी शंभर टनांच्या थोडे वर पोचले. आपल्या जुन्या चार चाकी मालडब्यात वीस-बावीस टन मावतात, म्हणजे पाच डबे. पाच डब्यांत अडीच लाख माणसांचे अन्न, पेट्रोल, दारूगोळा आणि औषध! डिसेंबरात शिपायाला दिवसाला २०० ग्रॅम पाव मिळे, जानेवारीत तो १०० ग्रॅमच्याही खाली गेला. उरलेले घोडे खाऊन झाले. ना जखम, ना रोग, अशी माणसे बोलता बोलता मरू लागली. कारण शोधायला फौजेच्या शवचिकित्सकाला विमानाने आत आणले गेले. त्याने गोठलेली प्रेते उकलून पाहिली: भूक, थंडी आणि थकवा. त्साइट्सलर तिकडे मुख्यालयात आपल्या ताटात स्टालिनग्राडचाच शिधा घेऊ लागला. त्याचे वजन उतरलेले दिसू लागले तेव्हा हिटलरने त्याला ते बंद करून पोटभर जेवण्याचा हुकूम दिला. एवढा एक हुकूम मात्र तत्काळ अमलात आणता येण्याजोगा होता.

वहीत आणखी एक पान आहे, ते जर्मन सेनापतींच्या आठवणींतून सहसा आढळत नाही. कोंडीत या फौजेच्या ताब्यात सुमारे साडेतीन हजार रशियन युद्धकैदी होते. वोरोपोनोवो येथे त्यांची छावणी. डिसेंबरपासून त्यांना जवळजवळ काहीच दिले गेले नाही. आपल्याच शिपायांना नाही, त्यांना कुठून देणार, असे उत्तर होते. सोडून देता आले असते, सोडले नाही. कैदी मेलेल्यांचे मांस खाण्यापर्यंत गेले. जानेवारीअखेर रशियन तिथे पोचले तेव्हा थोडेच जिवंत होते.

मग प्रश्न येतो की आतल्या कोणी नाही का म्हटले? म्हटले. ५१ व्या कोअरचा सेनापती झाइडलित्स याने २५ नोव्हेंबरला पाउलुसला लेखी टिपण दिले. त्यात टनांचा हाच हिशेब होता, आणि वरून हुकूम मिळत नसेल तर जर्मन जनतेशी असलेल्या कर्तव्याखातर फौजेने आपल्या जबाबदारीवर बाहेर पडावे असे म्हटले होते. टिपणावर पाउलुसचा मुख्य अधिकारी श्मिट याने शेरा मारला. फ्यूररच्या डोक्याचा ताप आपण वाहायचा नाही आणि पाउलुसच्या डोक्याचा झाइडलित्सने वाहायचा नाही, असा त्याचा अर्थ. कचेरीतल्या फायलीवर असले शेरे आम्ही पुष्कळ वाचले आहेत. १२ डिसेंबरला मानस्टाइनने होथचे रणगाडे सोडवणुकीला धाडले. ते १९ ला मिश्कोवा नदीपर्यंत, पन्नासेक किलोमीटरवर, आले. आतून निघण्याचा हुकूम हिटलरने दिला नाही, मानस्टाइनने स्वतःच्या नावावर दिला नाही आणि पाउलुसने हुकमावाचून निघायचे नाही असे ठरवले. तिघांनी एकमेकांकडे पाहिले, आणि शिपायाच्या पावाचा तुकडा आणखी लहान झाला.

८ जानेवारी १९४३ ला रशियनांनी शरणागतीच्या अटी पाठवल्या. त्यांत अन्न आणि औषधोपचार यांचे आश्वासन होते. त्या नाकारल्या. १० ला शेवटचा हल्ला सुरू झाला; पितोमनिक, मग गुमराक, दोन्ही विमानतळ गेले. २२ ला पाउलुसने शरण जाण्याची परवानगी मागितली, तीही नाकारली गेली. ३० जानेवारीला हिटलरने त्याला फील्डमार्शल केले, कारण जर्मन फील्डमार्शल जिवंत हाती लागत नाही असा समज होता. ३१ ला मोठ्या दुकानाच्या तळघरात पाउलुस हाती लागला. २ फेब्रुवारीला ट्रॅक्टर कारखान्याकडच्या उरलेल्या ११ व्या कोअरने शस्त्रे टाकली. त्या कोअरचा मुख्य अधिकारी होता हेल्मुट ग्रोसकुर्ट, बेलाया त्सेर्कोव्हचा.

सुमारे ९१ हजार माणसे कैदेत गेली. जर्मन रेडिओने मात्र फौज अखेरच्या श्वासापर्यंत लढून संपल्याचे सांगितले आणि देशात तीन दिवसांचा दुखवटा पाळला गेला. आधीच उपाशी असलेली ही माणसे कैदेत टायफसने पटापट मेली. रशियनांनी अटींत दिलेला शब्द निभावला नाही. निभावण्याइतके अन्न त्यांच्यापाशी नव्हते हे खरे, पण इच्छाही फारशी नव्हती. ग्रोसकुर्ट एप्रिलमध्ये टायफसनेच गेला. जर्मनीला परत आले ते पाच-सहा हजार, शेवटचे १९५५ साली. वीसहून अधिक जनरल पकडले गेले होते, त्यांतले बहुतेक जगले. साध्या शिपायांतले शंभरात नव्वदांहून अधिक मेले. पाउलुसने १९४६ मध्ये न्यूरेंबर्गला साक्ष दिली, १९५३ मध्ये तो पूर्व जर्मनीत गेला आणि १९५७ साली ड्रेस्डेनमध्ये वारला. रशियाच्या बाजूने या लढाईत मेलेले आणि बेपत्ता पावणेपाच लाखांहून अधिक. हा आकडा जर्मन आठवणींच्या पुस्तकांत कुठे तरी तळटीपेत असतो.

तीच पुस्तके पुढे तीस-चाळीस वर्षे चालली. त्यांत फौज शूर, हिटलर वेडा, आणि कत्तली करणारे कोणी तिसरेच. १९९५ साली हाम्बुर्गच्या सामाजिक संशोधन संस्थेने फौजेच्या गुन्ह्यांवर एक प्रदर्शन भरवले. सहाव्या फौजेची स्टालिनग्राडपर्यंतची वाट हा त्यातला एक मोठा विभाग. जर्मनीत गदारोळ झाला. काही छायाचित्रांखालची माहिती चुकीची निघाली म्हणून १९९९ मध्ये प्रदर्शन मागे घेऊन तपासण्यात आले. २००१ मध्ये ते नव्या मांडणीने पुन्हा उघडले; मुख्य निष्कर्ष कायम राहिला.

राहता राहिला फौजेचा क्रमांक. तो हिटलरने मरू दिला नाही. मार्च १९४३ मध्येच दुसऱ्या सैन्यातून नवी सहावी फौज उभी करण्यात आली. हजेरीपट नवा, शीर्षक जुने. ऑगस्ट १९४४ मध्ये रुमानियाच्या सरहद्दीवर, किशिनेव्हजवळ, रशियनांनी तीही कोंडली. या वेळी कोंडी दहा-बारा दिवसांत संपली. विमानांनी पाव पाठवण्याचे नावही कोणी काढले नाही. तिचे उरलेसुरले जमवून, नवी भरती घालून, त्याच क्रमांकाची फौज हंगेरीतून मागे हटत ऑस्ट्रियात आली आणि मे १९४५ मध्ये अमेरिकनांच्या स्वाधीन झाली.